कोसळलेला बुरूज आणि सांत्वनाची भाषा
मराठी ख्रिस्ती साहित्यातील कठोर सत्याचा विचार

मराठी ख्रिस्ती साहित्याचे वाचन आजवर साधारणपणे दोन अंगांनी झाले आहे. एक अंग धर्मप्रसाराचे. या दृष्टीने पाहणारा वाचक पुस्तक उघडतो तोच त्यातला प्रचार शोधायला. दुसरे अंग समाजेतिहासाचे. पहिली कादंबरी कोणती, विधवांच्या स्थितीची नोंद कोणी आधी केली, मुद्रणकलेला मिशनांचा हातभार किती, असे प्रश्न तिथे महत्त्वाचे ठरतात. दोन्ही अंगांनी मोलाचे काम झाले आहे. मात्र एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. हे साहित्य दुःखाशी कसे वागते? मूल दगावलेल्या आईला, नवरा गेलेल्या बाईला, घर वाहून गेलेल्या माणसाला हे साहित्य काय सांगते, आणि जे सांगते ते खरे असते का?

धर्माकडे माणूस दिलाशासाठी जातो, हे उघड आहे. पण धर्मग्रंथांत दिलाशाइतकीच न पचणारी विधानेही असतात. ती वगळून केलेले सांत्वन गोड लागते, टिकत मात्र नाही. उलट ती विधाने नुसती तोंडावर फेकली तर ऐकणारा कोसळतो. या दोहोंच्या मधली जागा मराठी ख्रिस्ती लेखकांनी कशी शोधली, कुठे त्यांना ती सापडली आणि कुठे निसटली, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाचा विचार केला आहे. शेवटी कल्याणच्या पुढच्या उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न आज कोणत्या रूपात उभा राहतो, तेही पाहिले आहे.

१. कसोटी कोणती?

बाहेरची कसोटी लावण्यापेक्षा या परंपरेच्या मूळ ग्रंथातलीच लावणे न्यायाचे होईल. पवित्र शास्त्रात दुःखाच्या कारणमीमांसेची चर्चा अनेक ठिकाणी आहे. त्यातली दोन स्थळे इथे उपयोगी पडतात.

पहिले ईयोबाचे पुस्तक. ईयोबाची मुले, गुरेढोरे आणि आरोग्य सगळे गेले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र समाचाराला आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसून राहिले. पुस्तक तिथेच संपते तर हे मित्र आदर्श ठरले असते. पण ईयोबाने तोंड उघडले, स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि मित्रांना राहवेना. तू काहीतरी पाप केले असशील, देव उगाच कोणाला शिक्षा करत नाही, असे ते नाना परींनी सांगत राहिले. त्यांचे एकेक वाक्य सुटे काढले तर धार्मिक वाटेल असेच आहे. तरी पुस्तकाच्या अखेरीस देव ज्यांच्यावर रागावतो ते हेच मित्र. देवाशी भांडणारा ईयोब खरे बोलला आणि देवाची बाजू घेणारे मित्र खोटे बोलले, असा निवाडा तिथे आहे. देवाच्या बचावासाठीही खोटे बोलू नये, ही ती कठोर गोष्ट.

दुसरे स्थळ लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येते. यरुशलेमेत शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडून मेली होती. ती माणसे शहरातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असे तुम्हाला वाटते काय, असा प्रश्न येशू स्वतःच काढतो आणि स्पष्ट नकार देतो. इथवर दिलासा आहे, कारण मेलेल्यांवरचा आळ उतरला आणि त्यांच्या घरच्यांना मान वर करता आली. पण तो तिथे थांबत नाही. तुम्ही पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही असाच नाश होईल, असे तो ऐकणाऱ्यांना सांगतो आणि लगेच फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला देतो. झाड तोडायला निघालेल्या मालकाकडे माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. बोट मेलेल्यांकडून जिवंतांकडे वळले. एकाच उत्तराने शोकग्रस्ताला दिलासा दिला आणि बघ्याला आव्हान दिले.

यातून कसोटी अशी निघते: खऱ्या सांत्वनाने दुःखिताच्या माथी दोष मारू नये, दुःखाचे खोटे कारण देऊ नये, आणि जे जिवंत आहेत त्यांना मोकळे सोडू नये. ही कसोटी घेऊन आता साहित्याकडे वळू.

२. ‘यमुनापर्यटन’: प्रश्न मोठा, उत्तर आटोपशीर

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ते अभ्यासक्रमात येते आणि बहुतेकदा तेवढ्यावरच त्याची बोळवण होते. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात आणि जागोजाग त्यांना विधवा भेटतात. केशवपन, उपासमार, घरातल्याच पुरुषांकडून होणारा छळ, लपवलेली गर्भारपणे. एकामागून एक कहाणी येते. पदमनजींची भाषा इथे सरळ आणि निडर आहे. ज्या गोष्टी घराघरांत माहीत होत्या आणि छापील मराठीत येत नव्हत्या, त्या त्यांनी छापल्या. कठोर सत्य सांगण्याचे धाडस म्हणतात ते हेच.

अडचण येते ती उत्तराशी. पुढे विनायकराव मरण पावतो, यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि तिचा पुनर्विवाह होतो. कथेची घडी नीट बसते, पण ती जरा जास्तच नीट बसते. वाटेत भेटलेल्या स्त्रियांचे काय झाले, याकडे कादंबरी मागे वळून पाहत नाही. त्या पुराव्यासारख्या येतात, साक्ष देऊन जातात आणि निकाल यमुनेच्या बाजूने लागतो. खुद्द यमुनेच्या शोकालाही फार वेळ दिलेला नाही. नवरा गेल्यावर बाईच्या आत काय होते, ते सांगण्याआधीच कादंबरी तिला सावरायला धावते.

हा दोष पदमनजींच्या श्रद्धेचा म्हणता येत नाही. त्यांचा वाद समाजाशी होता आणि वादात उत्तर तयार ठेवावे लागते. स्वतः १८५४ मध्ये घरच्यांचा रोष पत्करून ख्रिस्ती झालेल्या या माणसाला किंमत मोजणे काय असते ते ठाऊक होते. तरी साहित्य म्हणून पाहता, ‘यमुनापर्यटन’ समाजाला आव्हान देते आणि श्रद्धाळूला मात्र देत नाही. बुरूज कोणी कच्चा बांधला ते सांगणारे हे पुस्तक आहे. ढिगाऱ्यापाशी बसून राहणे त्याला जमत नाही.

३. रमाबाई: दिलाशाआधी प्रश्न

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात ढिगाऱ्यांची वाण नव्हती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण पाठोपाठ गेली. पुराणे सांगत, तीर्थे करत, व्रते पाळत हे कुटुंब फिरत होते, आणि सगळे विधी यथासांग करूनही उपासमार टळली नाही. पुढे १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये नवरा बिपिनबिहारी मेधावी गेला. तान्ही मनोरमा पदरात होती. इंग्लंडला सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये आत्महत्या केली. सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो या पार्श्वभूमीवर.

इतके सोसलेली बाई नव्या धर्मात विसाव्यासाठी शिरली असेल आणि मिळाले ते मुकाट घेतले असेल, असे कोणालाही वाटेल. पत्रे वेगळेच सांगतात. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला तिचा पत्रव्यवहार (ए. बी. शहा यांनी संपादित केलेला हा संग्रह १९७७ मध्ये निघाला) वाचताना लक्षात येते की बाप्तिस्म्यानंतरच तिचे प्रश्न धारदार झाले. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार यांपैकी कशावरही केवळ वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून ती मान डोलवायला तयार नव्हती. नुकतेच एका पुरोहितशाहीचे जोखड उतरवले आहे, दुसऱ्या पुरोहितशाहीचे मानेवर घेणार नाही, हा तिच्या उत्तरांचा आशय. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा तिने तो अपमान बोलून दाखवला.

या पत्रांत दिलासा कुठे आहे? तो उत्तरांत सापडत नाही. प्रश्न विचारूनही नाते तुटत नाही, यात तो आहे. जेराल्डिनबाई रागावतात, दुखावतात, तरी लिहीत राहतात. रमाबाईही तिला मायेने संबोधतात आणि पुढच्याच परिच्छेदात तिचे म्हणणे खोडून काढतात. ईयोबाच्या मित्रांनी जे केले नाही ते या पत्रव्यवहारात निदान अर्धेमुर्धे घडले. भांडणाऱ्याला अधर्मी ठरवून त्याच्याकडे पाठ फिरवली गेली नाही.

पुढच्या रमाबाईंनी कृतीतून उत्तर दिले. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. १८९६–९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या. आपले कुटुंब ज्या भुकेने खाल्ले, त्याच भुकेच्या तोंडातून. या कामाला त्यांनी आपल्या दुःखाचा ‘अर्थ’ असे म्हटले नाही, हे लक्षणीय आहे. आईवडील मेले म्हणून मुक्ती सदन झाले, असा हिशेब त्या मांडत नाहीत. असा हिशेब सांत्वनाच्या व्याख्यानांतून सर्रास मांडला जातो आणि त्यात मेलेल्यांची किंमत पायरीएवढी उरते.

त्यांचे अखेरचे मोठे काम म्हणजे हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेला बायबलचा मराठी अनुवाद. केडगावच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी तो जुळवला गेला आणि १९२२ मध्ये रमाबाई वारल्यानंतर १९२४ मध्ये पूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. साध्या, अल्पशिक्षित बाईला कळेल अशी भाषा हा त्यांचा आग्रह होता. मधल्या काळात, १९२१ मध्ये, मनोरमाही गेली. विलापगीत आणि ईयोब यांसारखी पुस्तके दुष्काळातून आलेल्या बायकांना परक्या पंडिती भाषेत न वाचता आपल्या बोलीजवळच्या मराठीत वाचता यावीत, यासाठी एका शोकग्रस्त म्हातारीने घेतलेले हे कष्ट आहेत. कठोर मजकूर सौम्य करण्यापेक्षा तो समजेल असा करणे, हा दिलाशाचा एक प्रकार आहे.

४. टिळक दांपत्य: कविता आणि स्मृतिचित्रे

रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता मराठी माणसाने शाळेत वाचलेली असते, पण ती ख्रिस्ती कवीची कविता म्हणून फारशी वाचली जात नाही. घायाळ पक्षिणी कशीबशी पिलांपाशी पोहोचते, शेवटचा घास भरवते आणि प्राण सोडते. मरताना ती पिलांना देवाच्या हवाली करते, आणि सकाळी ज्यांना गाऊन रमवले त्याच माणसांनी मारले, हा कृतघ्नपणाही बोलून दाखवते. इथे श्रद्धेचा उच्चार कोण करते ते पाहण्यासारखे आहे. कवी स्वतः देवाचे नाव घेऊन वाचकाची समजूत काढत नाही. विश्वास आहे तो मरणाऱ्या आईच्या तोंडी, आणि तो पिलांपुरता. वाचकाच्या वाट्याला येते ते शीर्षकातले उद्गारवाचक क्रौर्य. पिलांना दिलासा, माणसाला आरोप. शिलोहच्या बुरुजाशी हिची जात जुळते.

टिळकांच्या पुढच्या भक्तिपर अभंगांत आणि ‘उपासना संगीता’तून आजही गायल्या जाणाऱ्या पदांत हा ताण कमी होतो. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे मानणारा हा कवी ख्रिस्ताला आई म्हणतो, सखा म्हणतो. मराठी मंडळ्यांच्या उपासनेला त्याने स्वतःचा स्वर दिला, हे ऋण मोठे आहे. तरी समीक्षेने एक फरक नोंदवला पाहिजे. तुकारामांच्या गाथेत देवाशी कडाक्याचे भांडण आहे. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या माणसाचा कडवटपणा त्यात शिल्लक आहे. टिळकांच्या अभंगांत शरणागती जास्त आणि भांडण कमी. गोडवा आला, धार थोडी बोथटली.

ती धार सापडते लक्ष्मीबाईंकडे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्रांत तिचे स्थान आजही अढळ आहे. तिच्या विनोदाची, निरागसतेची स्तुती पुष्कळ झाली. पण निरागसता हा शब्द फसवा आहे. लक्ष्मीबाई काय सांगतात याची यादी केली तर ती हसण्यासारखी नाही. वडिलांचे सोवळ्याचे वेड आणि त्यात होरपळलेले घर, अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याचा लहरी आणि तापट स्वभाव, लहानग्या अपत्यांचे मृत्यू, १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा आणि त्यानंतर काही वर्षांची ताटातूट. नवरा जिवंत, पण लोकांच्या लेखी मेल्यासारखा. त्या दिवसांत आलेल्या गेलेल्यांनी केलेल्या समजुतींचे वर्णन त्यांनी केले आहे. प्रत्येकाकडे सल्ला होता आणि प्रत्येक सल्ल्यात कुठेतरी दोष बाईचाच होता. ईयोबाचे मित्र मराठीत बोलले असते तर असेच बोलले असते.

स्वतःच्या धर्मांतराविषयी लक्ष्मीबाई जे सांगतात ते या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण पुस्तकात तो प्रसंग नाट्यमय शिखर म्हणून येत नाही. त्यांच्या मनात आधी मोडली ती जात. टिळकांकडे परतल्यावरही त्या सोवळे पाळत, वेगळे शिजवत, वेगळे पाणी भरत. मग विचार करता करता त्यांना दिसले की जातीची भिंत देवाने बांधलेली नाही, माणसाने बांधलेली आहे. कोणाच्याही हातचे खायचे असे त्यांनी ठरवले आणि ख्रिस्ती होणे त्यानंतर आले. म्हणजे श्रद्धेने त्यांना आधी दिलासा दिला नाही, आधी त्यांच्यापाशी जे होते तेच काढून घेतले. सोवळे हा त्यांचा ताटातुटीतला एकमेव आधार होता, स्वतःची राखलेली प्रतिष्ठा होती. ती सोडल्यावर त्या ज्या घरात शिरल्या तिथे प्लेगच्या दिवसांत अनोळखी रुग्णांची शुश्रूषा करावी लागली, दुसऱ्यांची मुले सांभाळावी लागली, आणि नवऱ्याच्या हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत कोणा गरजवंताच्या हाती गेलेला पाहावा लागला.

टिळकांचे संतपण लक्ष्मीबाई नाकारत नाहीत. त्या संतपणाचा स्वयंपाकघरातला खर्च तेवढा सांगतात. उदार नवऱ्याच्या बायकोने उधारीवर घर कसे चालवायचे, हा प्रश्न त्यांच्या विनोदाखाली सतत आहे. टिळक १९१९च्या मे महिन्यात गेले. त्यांच्यावर आठवणी लिहिणाऱ्याला पुतळा उभारायचा मोह सहज झाला असता. पण ज्या माणसावर प्रेम आहे त्याचे खरे चित्र काढणे, हीच त्याच्याविषयीची निष्ठा, असे हे पुस्तक न सांगता सांगते. ख्रिस्ती संज्ञेत याला साक्ष म्हणतात. आणि साक्षीदाराने आपल्या पक्षकारासाठीही खोटे बोलायचे नसते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेणाऱ्या याच लक्ष्मीबाई होत्या. श्रद्धा कमी होती म्हणून त्या स्पष्ट लिहीत होत्या, असे कोणाला म्हणता येणार नाही.

यातला दिलासा कोणाला मिळतो? ज्याच्या घरात देवमाणूस आहे आणि त्या देवमाणसाबरोबर राहणे जड जाते आहे, त्याला. ज्याला आपला राग पाप वाटतो, त्याला. असा वाचक धर्मपुस्तकांना क्वचितच सापडतो, ‘स्मृतिचित्रे’ला सापडला.

५. आतल्या बाजूचे आव्हान

कठोर सत्याचे आणखी एक तोंड मंडळीच्या आत वळलेले आहे. लक्ष्मीबाईंनी जी भिंत मोडली ती चर्चच्या दाराशी आपोआप मोडत नव्हती. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत मोठी संख्या महार-मांग समाजांतून आलेल्यांची होती. ब्राह्मण धर्मांतरितांची चरित्रे लिहिली गेली, त्यांची बहुतेक लिहिली गेली नाहीत. आपण आतापर्यंत ज्या चौघांचा विचार केला त्यांतले बहुतेक वरच्या जातींतले, हेही त्याचेच फलित. पुढे १९५०च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. धर्मात जात नाही असे म्हणावे तर गावात ती आहे, आणि आहे म्हणावे तर आपल्याच शिकवणुकीची लाज. या कोंडीवर मराठी ख्रिस्ती साहित्यात जितके लिहून यायला हवे होते तितके आले नाही. सांत्वनाची भाषा सोयीची ठरते ती अशाच जागी.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वेगळा रस्ता दाखवला. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, ‘सुबोध बायबल’, ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन, आणि त्याबरोबर हरित वसई संरक्षण समितीचा लढा. प्रार्थना सांगणाऱ्या धर्मगुरूने झाडांसाठी, पाण्यासाठी, गुंडगिरीविरुद्ध रस्त्यावर उतरावे, हे अनेक श्रद्धाळूंनाही रुचले नाही. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा विरोध बाहेरून झाला. पण त्यांच्या आयुष्यातले अधिक अवघड आव्हान आतले होते. वसईतल्या जमिनी विकणाऱ्यांत आपल्याच मंडळीतली माणसे होती. शिलोहच्या दाखल्यातले वळलेले बोट ते हेच.

६. कॅम्पांचा गाव आणि स्लॅब

आता उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर. या पट्ट्याचा मराठी ख्रिस्ती साहित्याशी प्रथमदर्शनी संबंध दिसत नाही. पण ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांच्या निधनानंतर काही काळ मुलाबरोबर कराचीत राहिल्या होत्या. त्या कराचीतली आणि सिंधमधली हजारो कुटुंबे फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत येऊन पडली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तिथला पत्ता कॅम्प नंबर सांगून दिला जातो. शेजारच्या अंबरनाथला अकराव्या शतकातले शिलाहारांचे शिवमंदिर, काड्यापेटीचा कारखाना आणि आयुध निर्माणी. पुढे बदलापूरला स्वस्त घरांसाठी आलेली चाकरमानी माणसे. कोणी निर्वासित होऊन, कोणी नोकरीसाठी, कोणी मुंबईतले भाडे परवडेना म्हणून आलेले. पिढ्यान्‌पिढ्यांची स्मशाने, दफनभूमी, तुळशीवृंदावने मागे टाकून आलेल्या माणसांना दिलाशाची गरज जास्त असते. म्हणून या गावांत दरबार, मठ, मंदिरे, मशिदी, चर्च आणि प्रार्थनासभा दाटीने उभ्या आहेत.

उल्हास नदीच्या काठच्या या भूमीने बुरूजही पाहिले. २६ जुलै २००५ चा पूर पाहिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावे लागले. २०२१च्या मे महिन्यात, करोनाची दुसरी लाट चालू असताना, उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन निवासी इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या दुर्घटनेत वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या घरांना भेदत आला आणि सात जणांचा जीव गेला.

अशा वेळी बोलली जाणारी वाक्ये सर्व धर्मांत सारखीच असतात. नशीब, भोग, देवाची इच्छा, वेळ आली होती. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य चर्चमध्येही तितक्याच सहजतेने येते. शिलोहची कसोटी त्याला लावून पाहावी. मेलेल्यांच्या पापाने स्लॅब पडला नाही, ही पहिली गोष्ट. ती आईला, भावाला पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण शोकात माणूस स्वतःच स्वतःवर खटला भरतो: त्या दिवशी त्याला घरी थांबायला मीच सांगितले, हे घर मीच घेतले. तो खटला काढून टाकणे हे सांत्वन.

दुसरी गोष्ट मग टाळता येत नाही. स्लॅब आभाळातून पडत नाही. कोणी रेती निवडली, कोणी लोखंड वाचवले, कोणी परवानगीविना मजला चढवला, कोणी कागदावर सही केली. उल्हासनगरातल्या अनधिकृत बांधकामांचा प्रश्न इतका वाढला की ती नियमित करण्यासाठी राज्याला २००६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. अपघातानंतर इमारतींच्या तपासणीच्या नोटिसा निघाल्या, आणि मग आणखी अवघड प्रश्न आला. घर धोकादायक म्हणावे तर राहायचे कुठे? या ठिकाणी ‘देवाची इच्छा’ हे वाक्य शोकग्रस्ताला आधार देत नाही, बांधणाऱ्याला अभय देते. सांत्वनाचे वाक्य कोणाच्या उपयोगी पडते ते तपासणे, हे म्हणून धर्माचे आणि समीक्षेचे दोघांचेही काम आहे. आणि पश्चात्ताप या शब्दाचा अर्थ इथे अश्रूंपुरता राहत नाही. नवा करार ज्या ग्रीक शब्दासाठी तो वापरतो त्याचा अर्थ मन फिरवणे, वाट बदलणे असा आहे. अंजिराच्या झाडाला मिळालेले एक वर्ष खणण्यासाठी आणि खत घालण्यासाठी होते, दिलासा म्हणून नुसते दिलेले नव्हते. पावसाळ्यापूर्वी तपासणी करून घेणारी सोसायटी त्या वर्षाचा अर्थ बरोबर लावते, मग ती कोणत्याही धर्माची असो.

७. समारोप

या चार लेखकांना एका कसोटीवर ठेवल्यावर काय हाती लागते? पदमनजी आव्हानात श्रेष्ठ, शोकाजवळ थांबण्यात उणे. टिळकांची भक्तिपदे आधार देण्यात श्रेष्ठ, भांडणाला त्यांत जागा कमी, अपवाद ‘केवढे हे क्रौर्य’सारख्या कवितेचा. रमाबाईंची पत्रे प्रश्नांना भक्तीत जागा करून देतात. आणि ‘स्मृतिचित्रे’ हे दोन्ही साधणारे पुस्तक, तेही तत्त्वज्ञानाचा एक शब्द न उच्चारता. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास लिहिताना धर्मप्रसार आणि समाजसुधारणा या दोन मापांबरोबर हे तिसरे मापही वापरले तर अनेक विसरलेल्या पुस्तकांची पुनर्मांडणी करावी लागेल. ज्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत अशा मंडळ्यांतली मौखिक गीते, मृत्युलेख, दफनविधीतली भाषणे यांचाही शोध घ्यावा लागेल.

यातले बरेचसे साहित्य ख्रिस्ती नसलेल्या वाचकासाठीही तितकेच आहे. समाचाराला जाताना आपण सगळेच ईयोबाचे मित्र असतो. दारात चपला काढताना ओठांवर काहीतरी तयार वाक्य असते. ते वाक्य आत नेण्यापूर्वी, ते कोणाचा भार हलका करणार आहे आणि कोणाला सोडवणार आहे, एवढे विचारून घेतले तरी या लेखकांच्या वाचनाचे सार्थक होईल.